भाऊ राजी, मग कोर्ट कशाला?

वतनांवरचा मागचा भाग ऐकून एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "आमच्याकडे वाटपाचा दावा चालू होता. शेवटी बाबा आणि काका समोरासमोर बसले, मिटलं. आता वकील म्हणतात, तडजोड पुरसीस द्यावी लागेल, जजसाहेब सगळ्यांना विचारतील, मग हुकूमनामा होईल. ताई, भांडणारे दोघंही राजी आहेत, तर तिसऱ्याला कशाला विचारायचं?"

प्रश्न एका ओळीचा आहे. उत्तराला मात्र अख्खा भाग लागणार आहे, कारण "दोघंही राजी" या शब्दांत जे तिसरे, चौथे, पाचवे दिसत नाहीत, त्यांचाच हा इतिहास आहे.

एका शब्दापासून सुरुवात करू. राजीनामा. आज आपण तो बॉसला देतो, किंवा देण्याची धमकी देतो. पण मूळ फारसी अर्थ अगदी सरळ: राजी असल्याचा कागद. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचा वाद सभेपुढे गेला की वादी-प्रतिवादी आधी राजीनामा लिहून देत. म्हणजे, तुम्ही जो निवाडा कराल तो आम्हाला मान्य. वर जामीन द्यायचा, कारण नुसत्या शब्दावर तेव्हाही कुणाचा फार विश्वास नव्हता.

हा वाद कुठे चाले? गावात गोतसभा. गोत म्हणजे इथे नुसते नातेवाईक नव्हेत, तर पाटील, कुळकर्णी, बलुतेदार, शेजारगावचे जाणते असे सगळे. प्रकरण मोठं असेल तर परगण्याचे देशमुख-देशपांडे आणि सरकारी अधिकारी यांची मजलिस. निकाल लागला की महजर लिहायचा. महजर पाहिला नसेल तर एकदा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने छापलेल्या खंडांमध्ये जरूर पाहा. मजकुरापेक्षा मला हजर असलेल्यांची यादी वाचायला जास्त आवडते. ज्याला लिहिता येत नाही त्याची निशाणी असायची. कुणब्याचा नांगर, सुताराचं त्याचं हत्यार, वाण्याचा तराजू. बाईची निशाणी बांगडी. जुन्या खरेदीखतांमध्ये आणि वाटणीच्या कागदांमध्ये "निशाणी बांगडी" अशी नोंद पुढेही कितीतरी वर्षं सापडते.

हरणारा येजितखत लिहून द्यायचा, म्हणजे आपण हरलो याची लेखी कबुली. जिंकणाऱ्याकडून सरकार हरकी घ्यायचं आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी. म्हणजे जिंका किंवा हरा, सरकारला पैसे द्यायचेच. कोर्ट फी ही काही इंग्रजांची एकट्याची कल्पना नाही!

आता गंमत बघा. या भांडणांमध्ये जमीन तर असायचीच, पण कागदाचा मोठा भाग मानपानावर खर्च झालेला दिसतो. पाटीलकीचे दोन वाटेकरी झाले, एक थोरली पाती आणि एक धाकटी पाती. मग होळीला पहिली पोळी कुणाची? पोळ्याला पहिला बैल कुणाचा? लग्नात पहिला विडा कुणाच्या हातात? कागदावर पहिला नांगर कुणी काढायचा? आपल्याला हे पोरकट वाटतं. पण त्या काळात मान हा हक्काचा पुरावा होता. पन्नास वर्षांनी कुणी विचारलं की थोरली पाती कुणाची, तर साक्षीदार सांगायचा, "माझ्या डोळ्यांदेखत यांचा बैल पहिला गेला." दरवर्षी सगळ्या गावासमोर वाटणीची नोंद नव्याने व्हायची. सातबारा नव्हता, पण पोळा होता.

म्हणून घरात मिटलेला वाद गोतापुढे नेणं गरजेचं होतं. दोघा भावांनी ओसरीवर बसून ठरवलेलं उद्या दोघांपैकी एकाला नाकारता येतं. साठ माणसांसमोर ठरलेलं नाकारणं अवघड. मंजुरी म्हणजे साक्ष, आणि साक्ष म्हणजे गावाची आठवण.

मला या पद्धतीचं कौतुक आहे, पण ते अर्धंच. सभेत बसायचं कुणी, हे जात आणि वतन ठरवायचं. लहान मुलाच्या वतीने त्याचा चुलता बोलायचा, आणि कितीतरी प्रकरणांमध्ये धोका त्या चुलत्याकडूनच असायचा.

१८१८ मध्ये पेशवाई गेली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाबद्दल जो अहवाल लिहिला, त्यात पंचायतीबद्दल बराच मजकूर आहे. तिचे दोष त्याला दिसत होते: दिरंगाई, अनिश्चितता, निकाल अमलात आणायची ताकद नसणं. तरीही ती टिकवावी असं त्याचं मत होतं. टिकली नाही. शिक्क्याचं, लेखी, अपिलाचं कोर्ट दाराशी आल्यावर लोक तिकडे गेले. १८२७ मध्ये मुंबई इलाख्यासाठी त्याची रेग्युलेशन्स आली. त्यातलं आठवं रेग्युलेशन वारसांना औपचारिक मान्यता देण्याचं. तुमच्यापैकी कुणी आजोबांच्या मागे दिवाणी कोर्टातून वारस दाखला काढला असेल, तर तो अर्ज नीट बघा. त्यावर "बॉम्बे रेग्युलेशन आठ, १८२७" असं लिहिलेलं असेल. महाराष्ट्रात ते अजून चालतं. हातात नवाकोरा फोन आणि अर्जात जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीचा कायदा.

दिवाणी प्रक्रियेची संहिता पहिल्यांदा १८५९ मध्ये आली. १८८२ च्या संहितेत आपल्या विषयाच्या दोन्ही गोष्टी स्वच्छ दिसतात. कलम ३७५: पक्षकारांनी कायदेशीर तडजोड केली असेल तर कोर्टाने ती नोंदवून तिच्याप्रमाणे हुकूमनामा करायचा. कलम ४६२: पक्षकार अज्ञान असेल, म्हणजे वयाने लहान, तर त्याच्या पालकाला कोर्टाच्या परवानगीशिवाय तडजोड करता येणार नाही. १९०८ च्या संहितेत हीच दोन कलमं ऑर्डर २३ नियम ३ आणि ऑर्डर ३२ नियम ७ झाली. आजही तुमचे वकील हेच आकडे घेतात.

या दोन नियमांमधला फरक नीट ऐका, कारण आजच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. मोठी माणसं राजी असतील तर कोर्ट विचारतं: हे खरंच ठरलंय का, आणि कायद्यात बसतं का? तडजोड शहाणपणाची आहे का, हे विचारत नाही. थोरल्याने बंगला सोडून बांधावरची पडीक जमीन घेतली, तर ती त्याची मर्जी. पण घरात अज्ञान मूल असेल तर प्रश्न बदलतो. तेव्हा कोर्टाला बघावं लागतं की यात त्या मुलाचं भलं आहे का. आणि परवानगी न घेता तडजोड केली तर? ती मुलाला मोडता येते, बाकीच्यांना नाही. मोठे अडकलेले, लहान मोकळा. कायदा इतका उघडपणे एका बाजूला झुकलेला फार कमी वेळा दिसतो.

सातबाऱ्यावर कधी "अ.पा.क." असं वाचलंय? अज्ञान पालनकर्ता. आणि "ए.कु.मॅ."? एकत्र कुटुंब मॅनेजर. ही अक्षरं तलाठ्याने जागा वाचवायला लिहिली, पण त्यांच्यामागे अख्खी कुटुंबं उभी आहेत. बाप गेला, पोरं लहान, थोरल्या चुलत्याचं नाव मॅनेजर म्हणून लागलं. पोरं मोठी झाली तरी कितीतरी ठिकाणी ती अक्षरं निघालीच नाहीत. मग चाळीस वर्षांनी नातू विचारतो, आपला हिस्सा कुठे आहे?

मिटलं नाही तर काय होतं, याचं मराठी मुलखातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे ताई महाराज प्रकरण. पुण्यातले सरदार बाबा महाराज ऑगस्ट १८९७ मध्ये वारले. मृत्युपत्राच्या व्यवस्थेची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांत लोकमान्य टिळक होते. मागे तरुण विधवा, ताई महाराज. १९०१ मध्ये औरंगाबादला जगन्नाथ नावाच्या मुलाचं दत्तकविधान झालं. पुढे ताई महाराजांनी दुसरा मुलगा दत्तक घेतला, आणि खरा दत्तक कोण यावर दावे, अपिलं, टिळकांवर फौजदारी खटला, हे सगळं झालं. शेवटचा निकाल लंडनला प्रिव्ही कौन्सिलने दिला, मार्च १९१५ मध्ये, टिळकांच्या बाजूने. बाबा महाराज गेल्यापासून १७ वर्षं. मधे टिळक मंडालेला सहा वर्षं काढून परत आले होते. आपण हा खटला नेहमी टिळकांची कसोटी म्हणून वाचतो. मी तो एकदा दोन दत्तक मुलांच्या बाजूने वाचून बघितला. दावा लागला तेव्हा जगन्नाथ पोर होता, निकाल आला तेव्हा बाप्या झाला होता.

आता स्वातंत्र्यानंतर या. १९७६ हे वर्ष लक्षात ठेवा. त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या, आणि माझ्या मते त्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेला चालल्या होत्या.

पहिली गोष्ट जानेवारीतली. काले विरुद्ध डेप्युटी डायरेक्टर ऑफ कन्सॉलिडेशन, सुप्रीम कोर्ट. उत्तर प्रदेशातलं कुटुंब. लछमन वारला, मागे तीन मुली. एक मुलगी लग्न झालेली, तिचा मुलगा काले. तिथल्या कूळकायद्यात मुलीचं लग्न झालंय की नाही यावर वारसा ठरायचा, त्यामुळे गुंता. १९५६ मध्ये काले आणि त्याच्या दोन मावश्यांनी आपापसात जमीन वाटून घेतली आणि महसूल अधिकाऱ्याला तसं कळवलं. नावं लागली. काही वर्षांनी जमीन एकत्रीकरण आलं, आणि मावश्या म्हणाल्या, ती तडजोड नोंदणीकृत नव्हती, सबब आम्हाला बंधनकारक नाही. सुप्रीम कोर्टाने ते मानलं नाही. घरगुती व्यवस्था तोंडी असली तरी चालते. आधी ठरलं आणि मग माहितीसाठी त्याचं टिपण लिहून अधिकाऱ्याला दिलं, तर त्या टिपणाला नोंदणीची सक्ती नाही. आणि जिचा फायदा घेतला ती व्यवस्था नंतर नाकारता येणार नाही. घरातली शांतता टिकावी म्हणून कोर्टांनी अशा व्यवस्थांकडे उदारपणे पाहावं, असा त्या निकालाचा सूर आहे. आजही वाटपाच्या दाव्यात "काले" हे नाव निघालं नाही असं क्वचित होतं.

दुसरी गोष्ट त्याच वर्षी संसदेत झाली. दिवाणी प्रक्रिया संहितेत मोठी दुरुस्ती झाली, फेब्रुवारी १९७७ पासून लागू. आता दाव्यातली तडजोड लेखी हवी आणि पक्षकारांच्या सहीची हवी. फसवणुकीने किंवा दबावाने केलेली तडजोड "कायदेशीर" धरायची नाही. ती बेकायदा होती असं म्हणून नवा दावा लावता येणार नाही. ज्या कोर्टाने हुकूमनामा केला तिथेच जायचं. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर सगळ्यांच्या वतीने दावा लढत असेल, तर त्याच्या तडजोडीलाही कोर्टाची स्पष्ट परवानगी लागेल. आणि अज्ञान मुलाच्या तडजोडीत पालकाने प्रतिज्ञापत्र द्यायचं, वकील असेल तर वकिलाने दाखला द्यायचा की हे मुलाच्या हिताचं आहे.

म्हणजे बघा, जानेवारीत न्यायाधीश म्हणाले, घरच्यांवर विश्वास ठेवा. त्याच वर्षी कायदा म्हणाला, ठेवा, पण सही घ्या.

आणि आता त्या बांगडीच्या निशाणीकडे परत जाऊ या.

हक्कसोडपत्र हा शब्द तुम्ही घरात ऐकलाच असेल. भाऊ म्हणतो, "ताई, नुसती सही कर, तुला माहेर आहेच की." माझ्या आत्याने अशी सही केली होती. दिवाळीच्या आसपास, गाडी करून तिला तालुक्याला नेलं, दुपारी जेवायला थालीपीठ होतं, एवढं तिला आठवतं. कागदात काय होतं ते तिला कुणी वाचून दाखवलं नव्हतं. ती आजही तक्रार करत नाही. तक्रार करत नाही याचा अर्थ राजी होती असा घ्यायचा का, हे मला कळत नाही.

महाराष्ट्राने जून १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने सहदायाद केलं, पण आधीच लग्न झालेल्या मुली वगळून. देशभरात हे ९ सप्टेंबर २००५ ला आलं, आणि लग्नाची अट गेली. पण त्या कायद्यात एक तारीख होती: २० डिसेंबर २००४, विधेयक राज्यसभेत मांडलं त्या दिवसाची. त्याआधी झालेली वाटणी कायम. आणि वाटणी म्हणजे काय? नोंदणीकृत वाटपपत्र, नाहीतर कोर्टाचा हुकूमनामा. बस. संसदेला माहीत होतं की एकदा मुलीला हक्क दिला की घराघरांत "आमची वाटणी तर कधीच झाली होती, तोंडी" असं म्हणणारे उभे राहणार.

आणि ते राहिले. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तोंडी वाटणीचा बचाव सहजासहजी मानायचा नाही. अगदी अपवादात्मक प्रकरणात, सार्वजनिक कागदपत्रांचा भक्कम आधार असेल तरच. १९७६ ला तोंडी व्यवस्थेवर माया करणारं कोर्ट आणि २०२० ला तिच्याकडे संशयाने बघणारं कोर्ट एकच. मधल्या काळात तोंडी व्यवस्थेत कुणाचं तोंड बंद होतं, ते कळलं होतं. या दोन निकालांमधली ओढाताण मिटली आहे असं मला वाटत नाही.

बरं, कोर्टाचा हुकूमनामा म्हणजे सगळं शुद्ध, असंही नाही हं. कोर्टाच्या शिक्क्याचा धंदाही होतो. मुद्रांकशुल्क आणि नोंदणी टाळायची म्हणून खोटा दावा लावायचा, समोरच्याने दुसऱ्या दिवशी "मान्य" म्हणायचं, हुकूमनामा खिशात. ही युक्ती जुनी आहे. १९२९ मध्येच नोंदणी कायद्यात दुरुस्ती झाली: दाव्यात नसलेली मिळकत तडजोडीत घुसवली तर त्या हुकूमनाम्याची नोंदणी लागेल. १९९५ मध्ये भूप सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने आणखी एक कसोटी लावली. तुमचा आधीपासून हक्क होता आणि हुकूमनाम्याने तो फक्त मान्य केला, की हक्क पहिल्यांदाच जन्माला आला? दुसरं असेल तर नोंदणी करा.

मोठ्या घरांची दोन उदाहरणं पटकन सांगते. अंबानी भावांचा जून २००५ चा समझोता आईच्या मध्यस्थीने झाला. कंपन्यांच्या विभागणीची योजना मुंबई हायकोर्टाने मंजूर केली. पण दोन भाऊ आणि आई यांच्यातला मूळ करार कोर्टापुढच्या योजनेत नव्हता. पुढे गॅसच्या दरावरून भांडण झालं, २.३४ डॉलर की ४.२० डॉलर, आणि ७ मे २०१० ला सुप्रीम कोर्ट म्हणालं: घरातला करार कंपनीला बांधत नाही. कंपनीत लाखो भागधारक होते आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आकडे अब्जांतले, पण मुद्दा आमच्या आत्याचाच.

दुसरं बडोद्याचं. गायकवाड घराणं मूळ पुण्याजवळच्या दावडीचं, सयाजीराव महाराज नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. त्या घरातला चुलता-पुतण्याचा वाद वीसहून जास्त वर्षं चालला आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये वडोदऱ्याच्या कोर्टात तडजोडीने मिटला. लक्ष्मी विलास राजवाडा समरजितसिंहांकडे आला, बाकी मिळकती आणि कंपन्यांची वाटणी झाली. बातम्यांमध्ये आकडा होता २०,००० कोटींच्या पुढचा. पण ज्या ऑर्डर २३ खाली राजवाडा वाटला, त्याच ऑर्डर २३ खाली तुमच्या बाबांची सव्वा एकर वाटली जाते. मला ही गोष्ट फार आवडते.

एक रस्ता राहिला, लोकअदालत. १९८७ चा कायदा, १९९५ पासून अमलात. तिथे झालेला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. सोय मोठी आहे. पण अपील नाही म्हणजे सही करायच्या आधीच वाचायचं. गर्दीच्या दिवशी टेबलापाशी उभं राहून नव्हे, आदल्या रात्री घरी बसून.

तर व्हॉइस नोट पाठवणाऱ्या मित्रा, तुझ्या घरच्या कागदावर तीन गोष्टी बघ. आत्यांची नावं पक्षकार म्हणून आहेत का, नुसती "इतर हक्क" रकान्यात नाहीत ना. कुणी अज्ञान आहे का, आणि असेल तर पालकाने परवानगीचा अर्ज वेगळा दिलाय का. आणि दाव्यात नसलेला एखादा गट नंबर तडजोडीत आलाय का. जजसाहेब विचारतील तेव्हा उत्तर आत्यांना देऊ दे, बाबांना नको.

आणि हुकूमनामा झाला की पेढे वाटायची घाई करू नका. शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप संहितेच्या कलम ५४ प्रमाणे कलेक्टरकडे जातं, तिथून खाली तहसीलदाराकडे, मग मोजणी, मग फेरफार. हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल दोन प्रतींत काढून ठेवा. मोजणीवाले खुणा कशा रोवतात आणि बांध का सरकतो, ते पुढच्या भागात.